गे रोमान्स: तिसऱ्या पानावर ओढ, चौथ्या प्रकरणात पलंग. मधलं कुठे गेलं?

दुपारचावाचक, सोमवार रात्री १०:१२

इंग्रजीत किंडलवर गे रोमान्स कादंबऱ्यांचा जो रतीब चालू असतो, त्याबद्दल हा धागा. जपानी बीएल (पुरुषांमधल्या प्रेमाच्या जपानी कथा) आणि फॅनफिक्शन (गाजलेल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी) यांचं शास्त्र वेगळं आहे. ते इथे मिसळू नका, नाहीतर पन्नास प्रतिसादांनंतरही आपण व्याख्येवरच अडकलेले असू.

साचा एव्हाना तोंडपाठ झालाय. पहिल्या प्रकरणात कुणाची तरी कॉफी कुणाच्या तरी शर्टावर सांडते. दुसऱ्यात तीच कॉफी दुसऱ्याच्या नजरेतून पुन्हा सांडते. तिसऱ्यात वास, दंड, जबडा, घोगरा आवाज. चौथ्यात नाहीतर पाचव्यात पलंग, आणि तिथे दोघेही सराव परीक्षा देऊन आल्यासारखे. एकाची पहिलीच वेळ असली तरी दुखत नाही, मध्येच थांबावं लागत नाही, कुणाला हसू फुटत नाही, चादर खराब होत नाही, आणि शेवट दोघांचा एकाच सेकंदाला.

लवकर झोपतात याला माझी हरकत नाही. प्रत्यक्षातही पुष्कळदा शरीर आधी आणि आडनाव नंतर असाच क्रम असतो. हरकत आहे ती त्याआधीचा टप्पा सरळ कापून टाकण्याला. स्त्री-पुरुष प्रेमकथेत प्रश्न एवढाच असतो की समोरच्याला मी आवडतो का. इथे त्याच्या आधी दोन प्रश्न असतात: हा आपल्यातला आहे का, आणि मी चाचपून पाहिलं नि तो नसला तर माझं काय होईल? नोकरी, भाड्याची खोली, घरी पोचणारी बातमी हे सगळं त्या दुसऱ्या प्रश्नात येतं. या दोन प्रश्नांतून वाट काढताना माणूस जे बारीकसारीक करतो, तीच खरी या प्रकारच्या प्रेमकथेची दौलत. तीच गायब असेल तर उरतात दोन देखणे पुरुष आणि एक खोली.

जाणकारांनी लिहावं. असं का होतं, आणि लिहिणाऱ्याने नेमकं काय केलं तर सुधारेल?

टपरीवाला, सोमवार रात्री १०:३१

रुमाल टाकून ठेवतो. बाकी कॉफी नेहमी गरमच कशी असते आणि भाजत कुणालाच कसं नाही, हाही संशोधनाचा विषय आहे. (हलकेच घ्या.)

मुद्रितशोधक, सोमवार रात्री ११:०५

कारणं दोन. एक धंद्याचं, एक तंत्राचं.

धंद्याचं आधी. किंडलवर फुकट मिळणारा नमुना साधारण पहिल्या १० टक्क्यांचा असतो. ८० हजार शब्दांच्या कादंबरीत म्हणजे ८ हजार शब्द, दोन-तीन प्रकरणं. तेवढ्यात दोघे भेटले नाहीत आणि काही पेटलं नाही, तर वाचक पुस्तक घेत नाही, अशी लेखकांची धारणा. किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेत तर लेखकाला पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात. एका पानाला अमेरिकी अर्धा सेंटसुद्धा धड नाही. मग वाचक पान उलटत राहील अशी सोय करणं भाग पडतं, आणि सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे अंगावर काटा. हे सगळं स्वतः प्रकाशित करणारे लेखक वर्षाला चार-चार पुस्तकं काढतात. ओळख पटण्याचा टप्पा लिहायला वेळ लागतो, दंड लिहायला लागत नाही.

तंत्राचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. या प्रकारात दोन्ही नायकांचं आळीपाळीने प्रथमपुरुषी निवेदन हा जवळपास नियमच झालाय. एक प्रकरण याचं, एक त्याचं. परिणाम असा की दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदातच वाचकाला कळतं, हाही गे आहे आणि हाही भाळलाय. म्हणजे धागाकर्त्याचे दोन्ही प्रश्न आठव्या पानावर निकालात. आता पुढची साठ पानं नायक 'त्याला मी आवडत असेन का' म्हणून तळमळत असला तरी वाचक तळमळत नाही, कारण त्याला उत्तर माहीत आहे. ही रिकामी जागा भरायला लेखकाकडे शरीराशिवाय काही उरत नाही.

उपाय: निदान पहिली २५ टक्के कादंबरी एकाच्याच नजरेतून लिहा. दुसऱ्याचं निवेदन हवंच असेल तर पहिल्याने स्पष्ट बोलून झाल्यावर आणा. त्या प्रकरणात मागच्या प्रसंगांची दुसरी बाजू कळते तेव्हा वाचकाला परत मागे जाऊन वाचावंसं वाटतं. आळीपाळीच्या निवेदनाचा खरा फायदा तिथे आहे.

सोनचाफा, मंगळवार सकाळी ७:५०

अनुमोदन. पण चाळणी काय लावायची? स्वतःच्या मसुद्यात ओढ घाईची झालीय हे ओळखायचं कसं?

मुद्रितशोधक, मंगळवार सकाळी ९:२०

@सोनचाफा, पहिली तीन प्रकरणं छापून दोन रंगांचे मार्कर घ्या. एका रंगाने शरीराची प्रतिक्रिया रंगवा: धडधड, कोरडा घसा, पोटात गोळा, वास, ताठरणं. दुसऱ्याने ती निरीक्षणं, जी फक्त याच माणसाबद्दल खरी आहेत: तो वेटरला नावाने हाक मारतो, हिशोब कागदावर करतो, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबतो. पहिल्या रंगाच्या पाच खुणांमागे दुसऱ्याची एकही नसेल, तर ओढ त्या माणसाची नाही, शरीरयष्टीची आहे.

दुसरी परीक्षा याहून निर्दय. नायकाच्या जागी दुसरा कुणीही देखणा पुरुष ठेवा, नाव बदला आणि प्रसंग परत वाचा. एकही वाक्य बदलावं लागत नसेल तर तो प्रसंग काढून टाका.

आर्या_सॅनहोजे, मंगळवार सकाळी ११:१४

विरोधी मत नोंदवते. या कादंबऱ्या वाचणाऱ्यांत आणि लिहिणाऱ्यांत बायका खूप मोठ्या संख्येने आहेत, हे तर उघड गुपित आहे. या प्रवाहाचं एक मूळ १९७० च्या दशकात स्टार ट्रेकच्या चाहत्यांनी काढलेल्या फॅन-मासिकांत आहे, तिथेही लिहिणाऱ्या बहुतांशी बायकाच. रोमान्स हा प्रकार वाचकाला एक शब्द देतो: शेवट सुखाचा होईल. तो शब्द पाळण्यासाठी थोडी अवास्तवता चालवून घेतात. स्त्री-पुरुष रोमान्समधले अब्जाधीश कुठे वास्तव असतात?

आणि घाईच्या ओढीची तक्रार काही किंडलपासूनची नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली, ती छापली गेली १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्यात शिकाररक्षक अ‍ॅलेक रात्री शिडी लावून मॉरिसच्या खिडकीतून आत येतो, तोवर दोघांमध्ये धड संभाषणसुद्धा झालेलं नसतं. हस्तलिखित वाचून लेखक लिटन स्ट्रॅचीने कळवलं होतं की या दोघांचं नातं कुतूहल आणि वासनेवर उभं आहे, सहा आठवडे टिकेल. हे फॉर्स्टरने स्वतःच पुस्तकाच्या अखेरच्या टिपणात नोंदवलंय. शेवट सुखाचाच हवा हा आग्रह मात्र त्याने सोडला नाही, कारण तेव्हा असल्या कथेला फास किंवा आत्महत्या एवढेच शेवट ठाऊक होते.

अवांतर: हाच फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचा खाजगी सचिव होता.

दुपारचावाचक, मंगळवार दुपारी १:०२

@आर्या, उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की! अ‍ॅलेक खिडकीतून येतो ते घाईचं आहेच, पण त्यानंतर फॉर्स्टर काय करतो? दोघांनाही भीतीने ग्रासतो. मॉरिसला वाटतं हा आता ब्लॅकमेल करणार, आणि अ‍ॅलेक खरंच धमकीची भाषा करतो. ब्रिटिश म्युझियममधला तो सगळा प्रसंग 'याच्यावर विश्वास ठेवू का' या एकाच प्रश्नावर चालतो. म्हणजे शरीर आधी आलं तरी ओळख पटण्याचा टप्पा गाळला नाही, पुढे ढकलला. सुखाचा शेवट त्यामुळे फुकटचा वाटत नाही.

अब्जाधीशांचं म्हणाल तर, पैसा अवास्तव असला म्हणून वाचकाला इजा होत नाही. पलंगावरची चुकीची माहिती मात्र कुणीतरी वापरून बघतो.

डॉक्टर_चिमटा, मंगळवार रात्री ९:४०

शेवटच्या वाक्यावरून लिहितोच. मी वाचतो तेव्हा पेन्सिल हातात असते, आणि त्याच त्याच चुका निघतात.

सगळ्यात मोठी म्हणजे प्रत्येक प्रसंग गुदसंभोगापर्यंत पोचलाच पाहिजे ही समजूत. त्याआधीचं सगळं म्हणजे जणू पूर्वतयारी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका ऑनलाइन पाहणीत सुमारे २५ हजार समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांना अलीकडच्या संबंधाबद्दल विचारलं होतं. चुंबन आणि मुखमैथुन प्रत्येकी सत्तर टक्क्यांच्या वर, हस्तमैथुन त्याच्या खालोखाल, आणि गुदसंभोग सुमारे ३७ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. काही पुरुष तो कधीच करत नाहीत आणि त्यांचं सहजीवन व्यवस्थित चालतं. ही मंडळी कादंबरीत औषधालासुद्धा सापडत नाहीत.

आता करायचाच असेल तर. गुदमार्गाला पुरेल असं स्वतःचं वंगण नसतं. थुंकी मिनिटभरात वाळते. गुदद्वाराशी दोन वर्तुळाकार स्नायू असतात. बाहेरचा आपल्या ताब्यात असतो आणि भीती वाटली की आवळतो. आतला ताब्यात नसतो, तो सावकाश, स्थिर दाबाने आणि वेळ दिल्यावरच सैल पडतो. म्हणून कानात 'रिलॅक्स' पुटपुटलं आणि झालं, असं होत नाही. नखं कापलेलं एक बोट, भरपूर ल्यूब (विकतचं वंगण), थांबणं, मग दुसरं, पुन्हा ल्यूब. पहिल्या वेळी यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. घेणाऱ्याने शौचाच्या वेळी करतात तसा हलका बाहेरच्या दिशेने जोर दिला तर बाहेरचा स्नायू उघडतो. हे ऐकायला उलटं वाटतं म्हणून कुणी लिहीत नाही. पहिल्या वेळी कुशीवर किंवा घेणारा वर असणं सोपं जातं, कारण किती आणि केव्हा हे त्याच्या हातात राहतं. कादंबरीत मात्र पाठीवर झोपवून डोळ्यांत डोळे. तेही जमतं, पण कमरेखाली उशी घ्यावी लागते, आणि ती उशी मी अजून कुठल्या पुस्तकात पाहिलेली नाही.

टोचल्यासारखं, फाटल्यासारखं दुखलं तर थांबायचं. 'दुखणं क्षणात सुखात बदललं' हे वाक्य या प्रकारातलं सर्वात घातक वाक्य आहे. नेटाने पुढे गेलं की चीर पडते आणि ती भरायला आठवडे लागतात. बधिर करणारं मलम लावणं त्याहून वाईट, कारण दुखणं हीच सूचना असते आणि आपण तीच बंद करतो.

आणखी एक गोष्ट. सुरुवातीला घेणाऱ्याचा ताठरपणा बऱ्याचदा उतरतो. याचा अर्थ इच्छा नाही असा होत नाही, शरीर दुसऱ्या कामात गुंतलेलं असतं. कादंबरीतल्या बॉटमचा, म्हणजे घेणाऱ्याचा, तो कधीच उतरत नाही. हे एक वाक्य लिहिलंत आणि जोडीदाराने त्यावर काय केलं ते लिहिलंत, तर त्या प्रसंगात तुम्हाला दोन माणसं दिसायला लागतील. प्रोस्टेट ग्रंथीचंही तसंच. ती आत साधारण पाच ते सात सेंटिमीटरवर, पोटाच्या बाजूला असते. दाबली की प्रत्येक वेळी तारे दिसतात असं नाही. काहींना फार छान वाटतं, काहींना नुसती लघवीची भावना होते.

संपादक मंडळ, मंगळवार रात्री १०:१५

धागा प्रौढ विभागात हलवला आहे. वैद्यकीय आणि लेखनतंत्राचा तपशील चालेल, रंगवलेलं चित्रण नको.

टपरीवाला, मंगळवार रात्री १०:२२

डॉक्टर, शॉवरखालचे प्रसंग राहिले. हमखास असतात.

डॉक्टर_चिमटा, मंगळवार रात्री १०:५८

पाणी वंगण नसतं, उलट पाण्यात मिसळणारं ल्यूब ते धुऊन नेतं. साबणाने आतल्या त्वचेची आग होते. सिलिकोनचं ल्यूब पाण्यात टिकतं, पण फरशीवर सांडलं की दोघेही अस्थिरोगतज्ज्ञाकडे. वर दोघांच्या उंचीत चार इंचांचा फरक असेल तर एकाला पूर्ण वेळ गुडघ्यात वाकून उभं राहावं लागतं. शॉवरमध्ये एकमेकांना साबण लावू दे, पुढचं बाहेर.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास: खोबरेल तेल. घरात असतं म्हणून लेखक हमखास तेच उचलतो आणि पुढच्या वाक्यात कंडोम चढवतो. तेल आणि व्हॅसलीनने लेटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होतं आणि फाटतं. लेटेक्ससोबत ल्यूब पाण्याचं किंवा सिलिकोनचं. केमिस्टकडे ते मागण्याचा प्रसंगच केवढा सुंदर लिहिता येईल, काउंटरवर शेजारची काकू उभी असताना!

स्वच्छतेबद्दल कादंबरी एकतर गप्प असते किंवा नायकाला तासभर बाथरूममध्ये कोंडते. गुदाशय एरवी बहुतेक रिकामाच असतो. जेवणात चोथा असेल, रात्री चमचाभर इसबगोल पाण्यातून घेतलं असेल, तर पुष्कळांना वेगळं काही करावं लागत नाही. धुवायचंच तर रबरी फुग्याच्या डूशने (पिचकारीने), कोमट साधं पाणी, थोडंच. जास्त पाणी वरच्या आतड्यात शिरतं आणि नको त्या वेळी खाली येतं, म्हणून नंतर अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा. आता सांगा, दारात चुंबन आणि तिसऱ्या मिनिटाला पलंग यात हा पाऊण तास कुठे बसवणार?

आर्या_सॅनहोजे, बुधवार सकाळी ८:०५

हल्लीच्या पुस्तकांत 'आपण दोघेही निगेटिव्ह आहोत' म्हणून कंडोम टाकून देण्याचा प्रसंग असतो. तो निदान जबाबदार वाटतो. त्यात काय चुकतं?

डॉक्टर_चिमटा, बुधवार दुपारी २:३०

तारीख चुकते. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची एचआयव्ही चाचणी लागण झाल्यापासून साधारण १८ ते ४५ दिवसांत पकडते. गेल्या आठवड्यात दुसऱ्या कुणाबरोबर असलेल्या नायकाचा आजचा रिपोर्ट गेल्या आठवड्याबद्दल काहीही सांगत नाही. शिवाय नुसत्या लघवीच्या तपासणीत घशातला आणि गुदाशयातला गनोरिया, क्लॅमिडिया सुटतो, तिथला स्वॅब वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडे सरकारी आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते, समुपदेशकाशी बोलावं लागतं. दोघे बाकावर बसून आपापल्या नंबरची वाट बघतायत, हा प्रसंग दहा पलंगांपेक्षा जवळचा आहे.

एचआयव्हीची लागण टाळायला आधीच घ्यायची प्रेपची गोळीही दारात उभं राहून घेतलेली वाचलीय. रोज घेत नसाल तर पद्धत अशी: संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या एकदम, पहिल्या मात्रेनंतर २४ तासांनी एक, ४८ तासांनी आणखी एक. आधी डॉक्टरांना भेटून मूत्रपिंड, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही तपासून घ्यायचं. आणि आगंतुक धोका घडलाच, तर पेप (धोक्यानंतर घ्यायची औषधं) ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस.

एक नायक पॉझिटिव्ह असला की लेखक घाबरून त्याला मारतो तरी, नाहीतर संन्यास देतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ अभ्यासात ७८२ समलैंगिक जोडपी होती, एक पॉझिटिव्ह पण औषधाने विषाणू दबलेला, दुसरा निगेटिव्ह. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार संबंध, आणि जोडीदाराकडून लागण शून्य. हे माहीत असलेला नायक कसा बोलेल आणि माहीत नसलेला कसा बोलेल, इथे अख्खं प्रकरण पडलंय.

अनाम_कट्टा, बुधवार रात्री ११:४८

सगळे शरीरावर घसरलात. मूळ प्रश्नाकडे येतो. पुण्या-मुंबईतली गोष्ट लिहायची तर घाई कुठून येते ते आधी समजून घ्या. घाई वासनेतून कमी आणि जागेच्या टंचाईतून जास्त येते. डेटिंग अ‍ॅपवर 'हाय' नंतरचा दुसरा प्रश्न असतो, 'प्लेस?' एकाच्या घरी आईवडील, दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये तीन रूममेट. लॉजवर गेलं तर पुष्कळ ठिकाणी त्याच शहराचा पत्ता असलेलं आधार चालत नाही. सोसायटीच्या गेटवर पाहुण्याची नोंद अ‍ॅपमध्ये होते आणि सूचना घरातल्या सगळ्यांच्या फोनवर जाते. म्हणून आईवडील गावाला गेले की त्या दोन दिवसांतच सगळं उरकायचं असतं. अशा घाईत दोघांचा एक कान दारावर असतो, आणि काम झाल्यावर आधी कोण निघणार, लिफ्टने की जिन्याने, हे ठरवावं लागतं. एवढं लिहिलं तर पहिल्याच भेटीतला पलंगही पटतो.

भेटण्याआधी शहाणे लोक काय करतात तेही कुठे येत नाही. चेहरा दिसेल असा व्हिडिओ कॉल, पहिली भेट माणसांनी भरलेल्या ठिकाणी, एका मित्राला लाइव्ह लोकेशन. खोटं प्रोफाइल बनवून बोलवायचं आणि चार जणांनी मिळून लुटायचं, हा प्रकार सर्रास चालतो, आणि लुटला गेलेला पोलिसांत जाणार नाही यावरच तो चालतो.

आणि कृपा करून 'गे फॉर यू' बंद करा. तिशी उलटलेला, फक्त मुलींबरोबर राहिलेला पुरुष एका नायकाला बघून दोन पानांत बदलतो, आणि चारशे पानांत कुणाच्याही तोंडून 'बायसेक्शुअल' हा शब्द निघत नाही. असा माणूस असतोच. पण तो आधी स्वतःच्या जुन्या आठवणी उपसून तपासत बसतो. ते उपसणं लिहा.

मुद्रितशोधक, गुरुवार सकाळी १०:१०

नुसतं सांगण्यापेक्षा नमुना देतो. जागा: डेक्कन क्वीनचा पासधारकांचा डबा. रोज तीच माणसं, आणि सगळे साक्षीदार.

साच्यातली आवृत्ती: 'समीरने वर पाहिलं आणि त्याचा श्वास अडकला. देवदत्तच्या तपकिरी डोळ्यांत तो हरवून गेला. अंगातून वीज गेली.' आता दुसरी:

'शुक्रवारी शेजारच्या जागेवर देवदत्तची पिशवी होती. समीर दिसताच त्याने ती मांडीवर घेतली. कुलकर्ण्यांना मघाशी त्याने जागा भरलीय म्हणून सांगितलं होतं.
"घरचे स्थळं बघतायत," समीर म्हणाला.
देवदत्तने कटलेटचा तुकडा मोडला. "आणि तू?"
"मी नाही बघत."
समोर परांजपेकाकांनी पेपर उलटला. लोणावळा येईपर्यंत दोघे पुण्याच्या पाणीकपातीबद्दल बोलले.'

इथे चार हालचाली आहेत. पिशवी, स्थळांचा उल्लेख, 'आणि तू', 'मी नाही बघत'. प्रत्येकीला निरुपद्रवी अर्थ आहे, म्हणजे समोरचा 'त्यातला' नसेल तर माघार घेता येते. प्रत्येक हालचाल आधीच्यापेक्षा केसभर धीट आहे. आणि साक्षीदार असल्यामुळे पाणीकपातीवर यावं लागतं. प्रेमाचा एक शब्द नाही, पण वाचक आता सोमवारची गाडी चुकवणार नाही.

भाषेची एक व्यावहारिक अडचण: दोन पुरुष म्हणजे दोन्हीकडे 'तो'. 'त्याने त्याचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला' यात हात कुणाचा आणि खांदा कुणाचा? इंग्रजीवाले म्हणून 'उंच पुरुष', 'सोनेरी केसांचा' असली सोंगं आणतात. आपण निवेदन एकाच्या डोक्यात ठेवून त्याचं सर्वनाम गाळायचं, दुसऱ्याला नावाने संबोधायचं. 'देवदत्तचा हात खांद्यावर आला.' संपलं. जवळीक दाखवायला आपल्याकडे 'तुम्ही'वरून 'तू'वर आणि तिथून 'अरे'वर येणं आहे. ते कुठल्या प्रसंगात होतं हे ठरवून ठेवा आणि एकदा झालं की मागे फिरू नका. भांडणात मुद्दाम फिरलात तर मात्र जखम होते.

दुपारचावाचक, गुरुवार दुपारी १२:३५

मस्त! एक भर घालतो. गोष्टीचं साल आधी ठरवा. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार काढली, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती परत लावली, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरती कायमची काढली. २०१५ च्या पुण्यातला नायक आणि २०१९ च्या पुण्यातला नायक लॉजच्या काउंटरवर एकसारखे उभे राहणार नाहीत. २००९ पूर्वीची गोष्ट असेल तर हातात ग्राइंडर हे गे डेटिंग अ‍ॅपही नाही, याहू ग्रुप आणि सायबर कॅफे आहे.

शेवटच्या प्रकरणात रजिस्टर लग्न लावून देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती वाट बंद आहे. सुखाचा शेवट हवाच, तर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर दोघांची नावं, एकमेकांच्या नावे केलेलं मृत्युपत्र, मेडिक्लेमच्या फॉर्मवर 'नातं' या रकान्यापाशी अडलेलं पेन. हे सगळं अंगठीपेक्षा जास्त रोमँटिक आहे असं माझं मत.

सोनचाफा, गुरुवार सायंकाळी ६:१५

वाचनखूण साठवली. डॉक्टरांना शेवटचा प्रश्न: पंचेचाळिशीचा हृदयरोगतज्ज्ञ नायक, एका रात्रीत चार वेळा, पहाटे शस्त्रक्रिया. कितपत शक्य?

डॉक्टर_चिमटा, गुरुवार रात्री १०:०७

विशीत दोन वेळांमधली विश्रांती काही मिनिटांवर भागते, पंचेचाळिशीत काही तास लागतात, काहींना पूर्ण दिवस. चार वेळा वीर्यपतन असं लिहिलं असेल तर खोडा. चार वेळा जवळ आले, त्यात एकदाच झालं आणि एकदा नुसतेच मिठीत झोपले, असं लिहिलंत तर चालेल. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) दिलं तरी विश्रांतीचा काळ हमखास कमी होईल असं नाही, ती गोळी मुख्यतः ताठरपणाची आहे. आणि पार्टीच्या प्रसंगात त्याच गोळीवर पॉपर्स (नशेसाठी हुंगायचं रसायन) हुंगताना दाखवू नका. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस दगावू शकतो. हृदयरोगतज्ज्ञाला तर हे झोपेतही माहीत असतं. घेणारा चारही वेळा तोच असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला बसायला त्रास होईल, म्हणून पहाटेची शस्त्रक्रिया देणाऱ्याला द्या किंवा मधल्या दोन वेळा अदलाबदल करा.